साडेचारची सावली

आठवीत असताना मी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसले होते. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या माणसाला त्या परीक्षेतले विषय वेगळे सांगावे लागत नाहीत. आमच्या वेळी स्मरणचित्राच्या पेपरात बाजाराचे दृश्य आले आणि महात्मा फुले मंडईपासून हाकेच्या अंतरावर वाढलेल्या मुलीला याहून सोपा विषय मिळणे शक्यच नव्हते. जे जे आठवले ते सगळे मी कागदावर काढले. भाज्यांचे ढीग, तराजू, हमालाच्या डोक्यावरची पाटी, मंडईचा मनोरा, मनोऱ्यावरची कबुतरे, लिंबू-मिरचीवाली, फुगेवाला आणि कोपरा मोकळा दिसला म्हणून एक गाय. पोस्टर कलरने सगळा कागद असा भरून काढला की बोट ठेवायलाही कोरी जागा उरली नाही. निकालात सी ग्रेड आली. मी रडवेली होऊन कच्चे चित्र दाखवायला नेले, तेव्हा चित्रकलेचे सर ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘अगं, एवढं सगळं आठवलंस, मग विसरलीस काय?’’ सर थट्टा करत आहेत असे वाटून मी घरी आले आणि पुढची चाळीसेक वर्षे ब्रश हातात धरला नाही.

सरांच्या त्या प्रश्नाची आठवण झाली ती मिलिंद मुळीक यांच्या जलरंगांमुळे. नोकरीतली शेवटची काही वर्षे उरलेली असताना, निवृत्तीनंतर करायचे काय, या विवंचनेत मी अप्पा बळवंत चौकात पुस्तके चाळत उभी होते आणि ज्योत्स्ना प्रकाशनाचे त्यांचे जलरंगांवरचे पुस्तक हाती लागले. आत पाहिले तर एक गल्ली होती. दोन्ही बाजूंना जुनी घरे, एका घराच्या भिंतीला टेकवलेली सायकल, दूर कुठेतरी दोन-तीन माणसे आणि रस्त्यावर एका बाजूने दुसऱ्या बाजूला आडवी पडलेली लांब सावली. मुळीकांची चित्रे ज्याने पाहिली आहेत त्याला हे वर्णन कोणत्याही एका चित्राचे वाटणार नाही, कारण अशी गल्ली त्यांनी किती वेळा रंगवली असेल याची मोजदाद करणे अवघड आहे. मला मात्र ती त्या दिवशी आमचीच गल्ली वाटली. त्यात नेमके आमचे असे काहीच नव्हते, ना ओळखीचे दुकान, ना ओळखीचा दरवाजा. ओळखीची होती ती वेळ. शाळेतून घरी यायची, दप्तर ओट्यावर टाकायची आणि आई चहा टाकत असताना पायरीवर बसून राहायची ती साडेचारची वेळ.

मुळीक हे पुण्याचे. ‘अमर चित्र कथा’चे अनेक अंक आणि राज कॉमिक्सचा ‘नागराज’ ज्यांच्या हातून उतरले ते प्रताप मुळीक त्यांचे वडील. त्यामुळे घरात रंग आणि कागद यांची वानवा नसणार. तरीही शिक्षण त्यांनी अभियांत्रिकीचे घेतले आणि मग पूर्णवेळ चित्रकलेकडे वळले. अभियांत्रिकीचा हा तपशील अनेक जण कौतुकाने सांगतात आणि सोडून देतात. मला तो त्यांच्या चित्रांत दिसतो. वरवर पाहता त्यांची शैली इतकी सैल आहे की रंग नुसते ओतून दिल्यासारखे वाटतात, पण त्या सैलपणाखाली यथार्थदर्शनाचा, म्हणजे जवळचे-लांबचे अंतर अचूक दाखवण्याच्या शास्त्राचा, सांगाडा पक्का बसवलेला असतो. या विषयावर त्यांनी वेगळे पुस्तकच लिहिले आहे. सपाट रस्त्यावर उभे राहून पाहिले तर जवळच्या आणि लांबच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी साधारण आपल्या डोळ्यांच्याच रेषेत येतात, लांब जाताना फक्त त्यांचे पाय वर वर सरकत जातात. ही इतकी साधी गोष्ट मी पन्नास वर्षे रस्त्याने चालूनही पाहिली नव्हती. एलिमेंटरीच्या त्या चित्रात माझी लांबची माणसे जवळच्या माणसांच्या डोक्यावर उभी होती, हे कळायला मला एवढी वर्षे लागली.

पुस्तक घरी आणले आणि त्या गल्लीची नक्कल करायला बसले. पहिल्या दिवशी सायकलीपाशीच अडले. चित्रात त्या सायकलीच्या मडगार्डावर ऊन चकाकत होते, तिथे नेमका कोणता रंग वापरला आहे ते शोधण्यासाठी मी भिंग घेऊन बसले. तिथे रंगच नव्हता. मागची भिंत रंगवताना ब्रश मडगार्डाच्या कडेपाशी येऊन थांबला होता, पलीकडून पुन्हा सुरू झाला होता आणि मधे नखाएवढा कागद कोरा राहिला होता. त्या कोऱ्या कागदाला सायकलीचे मडगार्ड मी केले होते, ऊनही मीच पाडले होते. चित्रकाराने तिथे काहीच केले नव्हते, किंवा खरे सांगायचे तर, काही न करण्याचे त्याने आधीच ठरवून ठेवले होते.

पारदर्शक जलरंगांत पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. पांढरे म्हणजे कागद. तैलरंगात चुकले तर वर दुसरा थर देता येतो, उजेड सगळ्यात शेवटी ठेवता येतो. इथे उलटा हिशेब असतो, फिकट रंग आधी आणि गडद नंतर. उजेडाची जागा तर पहिल्या क्षणीच राखून ठेवायची आणि शेवटपर्यंत तिला धक्का लावायचा नाही. हे ऐकायला सोपे वाटते. करायला गेले की हात वळवळतो. मोकळी जागा दिसली की तिथे काहीतरी भरावेसे वाटते, आणि माझी तर गाय काढण्याची जुनी खोड. माझ्या पहिल्या सात-आठ नकलांत त्या मडगार्डावर मी दर वेळी थोडासा राखाडी रंग लावला, ‘लोखंड दिसायला हवे’ म्हणून, आणि दर वेळी ते ऊन विझले.

मग सावली. मुळीकांच्या शहरी चित्रांचा प्राण कशात आहे असे कुणी विचारले तर मी घरांकडे किंवा माणसांकडे बोट दाखवणार नाही, रस्त्यावर पडलेल्या त्या सावलीकडे दाखवीन. ही सावली बहुधा एकाच ओल्या, सलग फटकाऱ्यात उतरलेली असते. ती डाव्या घराच्या पायथ्यापासून निघते, रस्ता ओलांडते, फरसबंदीच्या कडेला किंचित मोडते, पायरीवर चढते, समोरच्या भिंतीवर उभी होते, आणि एवढा प्रवास करताना जमिनीचा उंचसखलपणा, पायरीची उंची आणि भिंतीचा कल हे सगळे जाता जाता सांगून टाकते. वेगळी पायरी काढावीच लागत नाही. रंगही एकच नसतो. दुपार उतरताना सूर्य खाली येतो, त्याच्या किरणांना हवेतून लांबचा रस्ता कापावा लागतो, त्यातला निळा प्रकाश वाटेतच विखुरतो आणि पिवळा-तांबूस उरतो. सावलीत मात्र थेट ऊन पोहोचत नाही, तिथे येतो तो वरच्या निळ्या आकाशाचा उजेड. म्हणून ऊन जितके उबदार तितकी सावली जांभळट. मुळीक ती वाळलेल्या यलो ऑकरवरून, म्हणजे मातकट पिवळ्यावरून, अशी नेतात की खालचा पिवळा तिच्यातून जाणवत राहतो. अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी एकत्र केले की जो करडा रंग मिळतो त्यात निळा थोडा जास्त झाला तर सावली थंड होते आणि तांबडा जास्त झाला तर ती धुळीची होते. शिवाय अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या बारीक खड्ड्यांत जाऊन बसतात, त्यामुळे वाळल्यावर त्या सावलीला एक रवाळपणा येतो. पुण्याच्या पेठांतला रस्ता ज्याने अनवाणी तुडवला आहे त्याला तो रवाळपणा डोळ्यांआधी तळव्यांना कळेल.

हे सगळे वेळेच्या आत व्हावे लागते. कागद पूर्ण ओला असतो तेव्हा तिरप्या उजेडात चकाकतो, मग चकाकी जाते आणि मंद ओल राहते, मग तो कोरडा होतो. मधल्या त्या मंद ओलीत भरल्या ब्रशाने परत हात लावला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दातेरी डाग उमटतो आणि तो मग जन्मात जात नाही. एप्रिलमध्ये पुण्याची हवा असा दगा देते की सावली रस्ता ओलांडेपर्यंत अलीकडची कड वाळलेली असते, आणि जुलैत अर्धा तास वाट पाहिली तरी कागद वाळत नाही. प्रत्यक्ष जागेवर बसून काढायचे तर आणखी एक घोर, कारण ज्या सावलीचे चित्र काढायचे ती सावलीही तेवढ्या वेळात सरकत असते. जलरंग हे माध्यमच मुळात निसटणाऱ्या गोष्टींचे आहे, आणि चार वाजून गेल्यानंतरच्या उन्हाला, पावसाने भिजलेल्या रस्त्यावरच्या प्रतिबिंबाला, वळून निघून जाणाऱ्या माणसाला हे माध्यम इतके मानवते याचे कारण मला तरी हेच दिसते. जे रंगवायचे आहे आणि ज्याने रंगवायचे आहे, दोघेही घाईत असतात. मुळीकांच्या चित्रांत जी हुरहुर जाणवते ती जुन्या घरांमुळे येते असे मला आधी वाटत असे. आता वाटते की घरे नवीन असती तरी ती आली असती. पावसाळी रस्त्यावर गाड्यांचे लाल दिवे लांबच लांब ओघळलेले, छत्र्यांखालची माणसे आणि मागे धूसर होत गेलेल्या आधुनिक इमारती अशी चित्रेही त्यांनी पुष्कळ केली आहेत, परदेशांतल्या शहरांचीही केली आहेत, आणि तिथे ना कौले आहेत ना वाडे, तरी पोटात तेच होते.

त्यांची माणसे हा एक वेगळाच विषय. डोके म्हणजे एक थेंब, धड म्हणजे एक डाग, आणि खाली निमुळता होत गेलेला फटकारा. पाऊल बहुतेक नसतेच. जलरंग शिकवणारे एक युक्ती सांगतात, की दोन पाय नीट काढले तर माणूस उभा राहतो आणि एक पाय आखूड ठेवला तर तो चालायला लागतो. मुळीकांची माणसे अशी सतत चालत असतात आणि बहुधा पाठमोरी असतात. चेहरे नसल्यामुळे ती कुणाचीही होऊ शकतात. डोक्यावरून पदर घेतलेली, हातात पिशवी असलेली, किंचित डावीकडे झुकून चालणारी एक बाई मला एका चित्रात दिसली आणि मी ती आमच्या वाड्यातली मागच्या खोलीतली काकू आहे असे धरून चालले. तो डाग अर्ध्या सेकंदात पडला असेल.

यावर नाक मुरडणारेही आहेत आणि त्यांच्याशी मी अनेकदा वाद घातला आहे. दिवाणखान्यात लावायची चित्रे, डोळ्याला गोड, पण विचार कुठे आहे, असे ते म्हणतात. जलरंग म्हणजे तैलरंगाची धाकटी बहीण, शिकताना वापरायची आणि मोठे झाल्यावर सोडून द्यायची, ही समजूतही त्यामागे असतेच. महाराष्ट्रात तरी ही समजूत टिकायला नको होती. मुंबईत 1857 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले, इंग्रजी धाटणीच्या पारदर्शक जलरंगांचे शिक्षण तिथे मिळू लागले आणि आपल्या चित्रकारांनी ते बघता बघता आपलेसे केले. कोल्हापूरचे आबालाल रहिमान तळ्याकाठी बसून पाणी आणि उजेड रंगवत राहिले, चित्रकार ल. ना. तासकरांनी देवळांपाशी आणि बाजारात जमलेली माणसे रंगवली. सावळाराम हळदणकरांची समईच्या उजेडात उभी असलेली ती प्रसिद्ध मुलगी, जी आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि जिचे श्रेय लोक खुशाल राजा रविवर्म्याला देऊन टाकतात, तीही जलरंगातच आहे. हाताने झाकलेल्या ज्योतीचा बोटांमधून येणारा तो लालसर उजेड अपारदर्शक रंगाला साधला असता की नाही याची मला शंकाच आहे. आणि ज्यांची बिंदूची चित्रे पुढे जगभर गेली ते सय्यद हैदर रझा 1950 साली पॅरिसला जाण्याआधी मुंबईत काय करत होते, तर रस्ते रंगवत होते. पावसात भिजलेले फ्लोरा फाउंटन त्यांनी जलरंगात उतरवले होते. शहराचा रस्ता आणि पाण्यात विरघळणारा रंग यांची आपल्याकडची सोयरीक अशी जुनी आहे.

तरीही टीकाकारांचे सगळेच खोटे नाही. मुळीकांची काही चित्रे पाहताना मला हात नको इतका सराईत झाल्यासारखा वाटतो, जणू सावली कुठे पडणार हे चित्रकाराला गल्लीत शिरण्याआधीच ठाऊक होते. त्यांची फुलांची चित्रे मला आवडतात, पण त्यांच्यापाशी मी रेंगाळत नाही. आणि एक तक्रार आहे तिच्यात त्यांचा दोष नाही. त्यांची पुस्तके आणि प्रात्यक्षिके पाहून शिकलेल्या माझ्यासारख्या हौशी मंडळींनी पुण्यात इतक्या जांभळ्या सावल्या पाडून ठेवल्या आहेत की कोणत्याही समूह-प्रदर्शनात शिरावे तर निम्म्या भिंतींवर संध्याकाळ झालेली असते. पण ही झाली आमची उसनवारी. मूळ सावलीच्या खाली जमीन असते, आमच्या सावलीखाली नुसता कागद असतो.

सगळ्यात बिनतोड टीका मात्र माझ्या घरातच झाली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. शुक्रवार पेठेतल्या वाड्यात ती लग्न होऊन आली आणि वाडा पडेपर्यंत तिथेच राहिली. एका दुपारी मी तिच्यासमोर ते पुस्तक उघडून धरले. तिने चष्मा पुसला, पान जवळ घेतले, लांब धरले आणि कौतुकाने म्हणाली, ‘‘छान आहे गं. ऊन किती छान पडलंय.’’ मग जरा थांबून तिने विचारले, ‘‘पण नळ कुठाय?’’

‘‘कसला नळ?’’

‘‘अगं, पाणी कुठून भरायची ही माणसं? नळ नाही, बादल्या नाहीत, आणि तीन संडासांपुढची ती रांग? चित्रात सगळं कसं निवांत. साडेचारला पाणी यायचं आपल्याकडे. साडेचारला असं चालत जाणारी बाई तू तरी पाहिलीस का? पळायची ती.’’

मी निरुत्तर झाले, कारण आईचे खरे होते. चौदा बिऱ्हाडांचा वाडा, चौकात एक नळ, आणि साडेचारला त्याला पाणी यायचे तेव्हा प्रत्येक बाईचा एक कान त्या पाण्याच्या घुसमटलेल्या पहिल्या आवाजाकडे लागलेला असायचा. मी पायरीवर बसून जे पिवळे ऊन पाहत होते तेच ऊन आईच्या डोळ्यांवर येत होते आणि तिची कळशी नळाखाली होती. ओलीने फुगलेल्या भिंती, जिन्यातला कुबट वास, मागच्या खोलीतल्या काकूंची आणि आईची पाण्यावरून झालेली भांडणे यातले काहीच त्या पानावर नव्हते. वाड्यांची मोडकळ ही काही काळाची लीला नव्हती, तिच्यामागे हिशेब होते. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, महिना पाच-दहा रुपयांच्या भाड्यात मालकाला कौले शाकारणेही परवडेना, भाडेकरूला जागा सोडणे परवडेना, आणि दोघेही वाडा आपोआप पडायची वाट पाहत राहिले. आमचा वाडा 2003 साली पाडला. त्यावर पाच मजली इमारत उभी राहिली आणि आम्ही सिंहगड रस्त्याला आलो, जिथे चोवीस तास पाणी येते. आई तिथे एक दिवसही वाड्यासाठी हळहळली नाही.

तेव्हा ही चित्रे खोटी म्हणायची का? काही दिवस मी पुस्तक बाजूला ठेवले होते हे कबूल करते. पुन्हा उघडले ते वेगळ्या कारणासाठी, आणि या वेळी काय नाही ते शोधत पाहू लागले. तारा होत्या, पण सगळ्या नव्हत्या. जेवढ्या होत्या त्या गल्लीला आत ओढून नेत होत्या. पाट्या होत्या, पण वाचता येत नव्हत्या. हातगाडी होती, स्कूटर होती, कचऱ्याचा असू शकेल असा एक ढीगही होता, फक्त तो ढीग म्हणजे दोन करडे डाग होते आणि त्यांच्यावर ऊन होते. चित्रकाराने रस्त्याला आंघोळ घातली नव्हती. त्याने डोळे किंचित मिटून पाहिले होते. चित्रकलेच्या प्रत्येक वर्गात हे शिकवतात, की डोळे बारीक करा म्हणजे तपशील जातो आणि फक्त उजेड आणि अंधार उरतो. आईने आयुष्यभर उघड्या डोळ्यांनी पाहिले, कारण कळशी भरायची होती. डोळे बारीक करायची सवड पायरीवर बसलेल्या शाळकरी मुलीलाच होती, आणि तिला ती सवड आईच्या पळण्यातून मिळत होती. मला ते चित्र माझ्या गल्लीचे वाटले आणि आईला तिच्या गल्लीचे वाटले नाही यात नवल काहीच नाही. आम्ही एका वाड्यात राहिलो, पण आमच्या साडेचारच्या वेळा दोन होत्या.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी धीर करून आमच्या त्या जुन्या गल्लीत चित्र काढायला गेले. आता तिकडे जाणे सोपे झाले आहे. 2024 च्या सप्टेंबरात जिल्हा न्यायालयापासून स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली आणि मंडईला स्थानक आले. ज्या जमिनीवर मी अनवाणी पळत असे तिच्या पोटातून सरकत्या जिन्याने वर येताना कसेसेच वाटले. गल्लीत आमच्या वाड्याच्या जागी ती पाच मजली इमारत उभी आहेच, तिच्या खालच्या मजल्यावर मोबाइलची दुकाने आहेत. समोरचा एक जुना वाडा मात्र अजून तग धरून आहे, त्याला लोखंडी खांबांचे टेकू दिलेले आहेत. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बैठक मारली, कागद फळीला चिकटवला, पाण्याचा डबा शेजारी ठेवला आणि चार वाजण्याची वाट पाहू लागले.

ऊन आले ते मात्र अगदी पुस्तकातल्यासारखे आले. पाच मजली इमारतीची सावली वाड्याच्या सावलीपेक्षा कितीतरी लांब पडते हे मला तिथे बसल्यावर कळले. समोरच्या वाड्याच्या दिंडी दरवाजापर्यंत ती साडेतीनलाच पोहोचली होती. म्हणजे आमच्या गल्लीतले साडेचार आता तासभर अलीकडे सरकले आहेत. मी घाईने यलो ऑकरचा पहिला हात दिला. दरवाजासमोर एक पांढरी स्कूटर उभी होती, तिच्या सीटवर आणि हँडलवर ऊन पडले होते. या वेळी मी तिला हात लावला नाही. तिच्याभोवतीने भिंत रंगवली, तिच्याभोवतीने रस्ता रंगवला, आणि स्कूटरची जागा कोरी ठेवली. वाळल्यावर तिची सावली द्यायची आणि मग चाके, असे ठरवले होते. हात वळवळला नाही याचाच मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

तेवढ्यात वाड्यातून एक मुलगा किल्ली फिरवत आला. त्याने माझ्याकडे पाहिले, कागदाकडे पाहिले आणि जरा संकोचून विचारले, ‘‘काकू, गाडीचं चित्र काढताय तुम्ही? मला जायचंय, पण थांबू का पाच मिनिटं?’’

‘‘नको, जा तू,’’ मी म्हटले. खरे तर पाच मिनिटे हवी होती, पण कागद अजून मंद ओला होता आणि पाच मिनिटांत काही होणार नव्हते. त्याने किक मारली, गाडी वळवली आणि गेला. त्याच्याबरोबर गाडीची सावलीही गेली. मी उरलेली मोठी सावली एका दमात रस्त्यावरून ओढली, ती दोन ठिकाणी वाळली आणि एका ठिकाणी फ्लॉवरचा गड्डा उमटला. दोन माणसे टाकली, त्यांतले एक चालले आणि एक उभेच राहिले. साडेचारला सावली दिंडी दरवाजा गिळून सज्ज्यापर्यंत चढली होती आणि रंगवण्यासारखे काही उरले नव्हते.

घरी आल्यावर चित्र आईसमोर ठेवले. तिने चष्मा पुसला. समोरचा वाडा तिने लगेच ओळखला, दरवाजाही ओळखला. मग दरवाजासमोरच्या कोऱ्या जागेवर तिने बोट ठेवले आणि विचारले, ‘‘हे काय राहिलंय इथे?’’

‘‘स्कूटर होती. गेली.’’

आईने कागद थोडा तिरका करून पाहिला. बोट तिथेच होते. ‘‘जागा आहे की चांगली,’’ ती म्हणाली, ‘‘इथे नळ काढ.’’